रिकामा ठेवलेला चौकोन

मे महिना जवळ आला की आमच्या गावातल्या ग्रंथालयाच्या दालनात परिसरातील हायस्कुलांमधल्या विद्यार्थ्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरते, आणि गेली सहा वर्षे ती चित्रे भिंतीवर चढवण्याचे काम माझ्याकडे आहे. चित्रकलेशी माझा संबंध शाळेतल्या इंटरमीजिएट परीक्षेच्या पुढे कधी गेला नाही. पण मला शिडीची भीती वाटत नाही आणि पाणसळ न लावताही चौकट तिरकी बसली आहे की सरळ हे मला दिसते, एवढ्या भांडवलावर हे काम मिळाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या पूर्वेकडच्या या पट्ट्यात चिनी, फिलिपिनो, व्हिएतनामी, अफगाण, पंजाबी, तेलुगू, कोरियन आणि आमच्यासारखी मराठी घरे एकमेकांना खेटून राहतात, त्यामुळे प्रदर्शनाला चित्रांची कमतरता नसते. विषय मात्र दरवर्षी एकच असतो : आशियाई-अमेरिकन असणे म्हणजे काय आणि वारसा म्हणजे काय.

या वर्षी भिंतीला टेकवून ठेवलेल्या चित्रांमधून पहिली फेरी मारली तेव्हा नाकावरून उभी रेघ ओढून दुभागलेले अकरा चेहरे मी मोजले. डावीकडे टिकली, नथ किंवा किमोनोची गळपट्टी. उजवीकडे टोपीचा स्वेटर, हेडफोन आणि मागे तारे-पट्टे. उरलेल्यांपैकी कितीतरी चित्रांत डबा होता : शाळेच्या जेवणाच्या टेबलावर उघडलेला डबा, त्यातून निघणारी वाफ आणि नाक धरलेले शेजारी. खरे सांगायचे तर मला कंटाळा आला. ज्या मुलांना वरणाचा वास लपवावा लागला त्यांचे दुःख खोटे आहे असे माझे म्हणणे नाही; पण आज आमच्या भागातल्या शाळांत निम्म्या टेबलावर भात असतो, आणि तरीही मुले तेच चित्र काढतात, कारण या विषयावर हेच चित्र काढायचे असते असे त्यांच्या मनात कुठूनतरी बसलेले असते.

मग मला माझे स्वतःचे निसर्गचित्र आठवले. मी वाईची. आमच्या शाळेच्या खिडकीतून पांडवगड दिसायचा, नदीवर घाट होते, घाटावर धुणी वाळत असायची. तरीही चित्रकलेच्या तासाला ‘निसर्गचित्र काढा’ म्हटले की वर्गातल्या पन्नासही मुली दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या बेचक्यात उगवता सूर्य, तिथून निघून थेट कागदाच्या खालच्या कडेपर्यंत येणारी नदी, एक झोपडी आणि एक नारळाचे झाड काढत. वाईत नारळाची झाडे किती होती म्हणाल तर मला एकही आठवत नाही. खिडकीबाहेर पाहायचे कुणाला सुचले नाही, मलाही नाही. तेव्हा सोळा वर्षांच्या मुलांनी अर्धा चेहरा काढला म्हणून नाक मुरडण्याचा अधिकार मला नाही, हे मी शिडीवर चढताना स्वतःला बजावले.

‘आशियाई-अमेरिकन’ हा शब्दच मुळात विद्यार्थ्यांनी घडवलेला आहे, हे मला या देशात आल्यावर बऱ्याच वर्षांनी कळले. १९६८ साली आमच्याइथून अर्ध्या-पाऊण तासावर असलेल्या बर्कलीत युजी इचिओका आणि एमा गी या दोघांनी एक विद्यार्थी संघटना उभी केली आणि तिच्या नावात हा शब्द प्रथम वापरला. तोवर या सगळ्यांना सरसकट ‘ओरिएंटल’ म्हणत, म्हणजे गालिचे आणि फुलदाण्यांना जे विशेषण लावत तेच माणसांना. चिनी, जपानी आणि फिलिपिनो मुलांनी एकत्र येऊन स्वतःला एक नाव दिले ते आपण सारे एकसारखे आहोत म्हणून नव्हे, तर आपल्याला मिळणारी वागणूक एकसारखी आहे म्हणून. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूलनिवासी आणि आशियाई विद्यार्थ्यांनी जो संप पुकारला तो मार्च १९६९ पर्यंत चालला, आणि आपापल्या समाजांचा इतिहास शिकवणारे विभाग विद्यापीठांत सुरू झाले ते त्यानंतर.

त्या नावात आपण भारतीय कुठे होतो, हा प्रश्न माझ्या लेकीने मला विचारला तेव्हा मला उत्तर शोधावे लागले. १९२० ते १९४० या जनगणनांमध्ये भारतातून आलेल्या माणसाच्या वंशाच्या रकान्यात ‘हिंदू’ असे लिहीत, मग तो शीख असो वा मुसलमान. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस ‘गोरा’ ठरत नाही आणि म्हणून नागरिकत्वाला पात्र नाही असा निकाल दिला. १९७० च्या जनगणनेत मात्र भारतीयांना गोऱ्यांमध्ये मोजले, आणि १९८० साली ‘एशियन इंडियन’ हा वेगळा रकाना आला. म्हणजे साठ वर्षांत एकाच जातीच्या कांद्याला चार वेगवेगळ्या टोपल्यांत टाकून पाहिले. २०२० च्या जनगणनेत फक्त एकच आशियाई मूळ नोंदवणाऱ्यांमध्ये हीच टोपली सर्वांत मोठी ठरली. लेक हे ऐकून म्हणाली, “मग अर्धा चेहरा काढणाऱ्यांनी कोणता अर्धा काढायचा?”

आशियाई-अमेरिकन वारशाचा महिना म्हणून मे महिनाच का, याचेही उत्तर आहे. मे १८४३ मध्ये पहिला जपानी माणूस या देशात आला आणि १० मे १८६९ रोजी ज्या रेल्वेने हा खंड आडवा बांधला गेला ती पूर्ण झाली. तिच्या पश्चिमेकडच्या भागाचे डोंगर फोडणारे बहुतेक मजूर चिनी होते. त्यावरून १९७८ साली आधी एक आठवडा ठरला आणि १९९२ च्या कायद्याने अख्खा महिना कायमचा झाला. तेच चिनी लोक १८८२ च्या कायद्याने देशाबाहेर ठेवले गेले, ही गोष्ट त्या महिन्याच्या भित्तिपत्रकांवर बारीक अक्षरांत असते.

लेकीच्या चित्रांकडे येण्याआधी मला सॅन ब्रुनोबद्दल लिहिले पाहिजे, कारण तिथे गेल्यावरच मला या प्रदर्शनाकडे नीट पाहता आले. उपसागरावरचा पूल ओलांडून पलीकडे गेले की विमानतळाजवळ सॅन ब्रुनो लागते. तिथे टॅनफोरान नावाचे घोड्यांच्या शर्यतींचे मैदान होते. नंतर त्याच जागी मॉल उभा राहिला. जपानशी युद्ध सुरू असताना निघालेल्या १९ फेब्रुवारी १९४२ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानंतर पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरे, दुकाने, शेते सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांतले दोन तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होते. छावण्या बांधून होईपर्यंत अनेकांना शर्यतींच्या मैदानांवर ठेवले आणि घोड्यांच्या तबेल्यांना चुना फासून त्यांत कुटुंबे राहिली. आज मेट्रोच्या स्थानकाबाहेर दोन लहान बहिणींचा ब्राँझचा पुतळा आहे, डोरोथिया लँग यांनी काढलेल्या एका छायाचित्रावरून केलेला. कोटाला सामानासारखी चिठ्ठी बांधलेल्या मुली.

तबेल्यांच्या या मैदानावर एक चित्रशाळा होती. बर्कलीच्या विद्यापीठात चित्रकला शिकवणारे चिउरा ओबाता यांनाही कुटुंबासह टॅनफोरानला आणले गेले, आणि काही आठवड्यांतच त्यांनी तिथल्या एका जेवणघरात वर्ग सुरू केले. सहाशेहून अधिक विद्यार्थी झाले. त्यांत सहा वर्षांची पोरे होती आणि आजोबाही होते. बाहेरच्या मित्रांनी कागद-रंग पाठवले. त्यांनी कुंपण काढले, तबेले काढले, रांगा काढल्या, चिखल काढला, आणि मैदानाच्या पलीकडे दिसणाऱ्या टेकड्या काढल्या. पुढे त्या लोकांना युटामधल्या टोपाझ छावणीत नेले, तिथेही शाळा पुन्हा उभी राहिली. आपण कोण आहोत हा प्रश्न ज्यांच्या देशाने त्यांच्यावर बंदुकीनिशी लादला होता, त्यांनी त्याचे उत्तर म्हणून दुभागलेले चेहरे काढले नाहीत. समोर जे होते ते काढले. माझ्या दृष्टीने या देशातल्या आशियाई विद्यार्थ्यांच्या चित्रांचा इतिहास तिथून सुरू होतो, आणि आमच्या ग्रंथालयातल्या मुलांना तो तबेला दाखवल्याशिवाय ‘वारसा’ हा विषय देऊ नये असे माझे मत झाले आहे.

दक्षिणेला लॉस एंजलिसजवळच्या सांता अनिता मैदानावरही असेच घडले. तिथे रूथ असावा नावाची सोळा वर्षांची मुलगी, पुढे नावाजलेली शिल्पकार, आपल्या भावंडांसह घोड्यांच्या ठाणात राहत होती. शेतकरी वडिलांना एफबीआयचे अधिकारी आधीच घेऊन गेले होते. डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले काही चित्रकार त्याच मैदानावर कैदेत होते आणि प्रेक्षकांच्या रिकाम्या बाकांवर बसून ते मुलांना रेखाटन शिकवत. रूथ तिथे चित्र काढायला शिकली. नंतर तिला शिक्षिका व्हायचे होते, पण जपानी नाव असलेल्या मुलीला शाळेत सरावासाठी पाठवता येणार नाही म्हणून ते शिक्षण अपुरे राहिले. मग ती ब्लॅक माउंटन कॉलेजात गेली, आणि मेक्सिकोत तारेच्या टोपल्या विणणे पाहून तिने हवेत तरंगणाऱ्या तारेच्या त्या आकृत्या केल्या ज्या आता जगभरच्या संग्रहालयांत आहेत. लहानपणी वडिलांच्या शेतात जमीन सपाट करणाऱ्या, घोड्याने ओढायच्या अवजारावर मागे बसून ती पाय मातीत सोडायची आणि पायांनी लाटांसारख्या रेघा ओढत जायची. आपल्या आकृत्या तिथून आल्या असे त्या सांगत. मला ही गोष्ट फार आवडते. वारसा मातीतच होता, पण जपानचा नव्हे, कॅलिफोर्नियातल्या भाजीच्या शेताचा.

१९६८ सालीच, म्हणजे बर्कलीत तो शब्द जन्माला आला त्याच वर्षी, असावांनी आपल्या मुलांच्या प्राथमिक शाळेत कलेचे वर्ग सुरू केले. पैसे नव्हते, म्हणून दुधाची खोकी, अंड्यांचे पुठ्ठे आणि मळलेले पीठ. चार वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दीड वाटी पाणी : आमच्याकडे दिवाळीला शंकरपाळे करून उरलेल्या गोळ्याने मुले खेळतात तसेच, फक्त खारट. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरजवळ एका हॉटेलाच्या पायऱ्यांवर त्यांचे कारंजे आहे. त्यावरची सगळी शहर-चित्रे आधी या पिठात केली आणि मग ब्राँझमध्ये ओतली, आणि ती करणाऱ्या हातांत शाळकरी मुलांचेही हात होते. मी लेकीला तिथे नेले तेव्हा तिने बोट फिरवून एका इवल्या माणसाच्या पोटावर कुणाच्यातरी अंगठ्याचा ठसा शोधून काढला.

आता तिच्याबद्दल. अकरावीत तिने ‘एपी आर्ट’, म्हणजे हायस्कुलातच शिकवला जाणारा कॉलेजच्या दर्जाचा चित्रकलेचा अभ्यासक्रम, घेतला. या अभ्यासक्रमाला लेखी परीक्षा नसते. वर्षभर एका प्रश्नाचा पाठपुरावा करून त्याच्या पंधरा प्रतिमा, त्याशिवाय पाच निवडक कामे आणि थोडे लेखन असे मे महिन्याच्या सुरुवातीला पाठवायचे असते. प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः ठरवायचा. तिने ‘आमच्या घरात कोण काय काढत होते?’ असा काहीसा प्रश्न लिहिला, आणि मी लगेच, उत्साहाच्या भरात, वारलीची दोन पुस्तके तिच्या टेबलावर नेऊन ठेवली. आमच्या पूर्ण ओळखीत दरेक मराठी मुलाच्या शालेय प्रकल्पावर वारली असते. गणपतीच्या मखरावर असते, मंडळाच्या पिशव्यांवर असते, माझ्या स्वयंपाकघरातल्या टाइल्सवरही आहे.

तिने पुस्तके चाळली आणि विचारले, “आई, आपण वारली आहोत का?”

“नाही गं, पण महाराष्ट्राचीच कला ना ती.”

“मग मी इथल्या ओहलोनी लोकांची टोपली काढून माझी म्हणू का? आपण तर राहतोसुद्धा त्यांच्याच जमिनीवर.”

मला राग आला, आणि रागाला कारण होते : तिचे म्हणणे बरोबर होते. वारली चित्रे पालघर-डहाणूकडच्या वारली समाजातल्या सवाशिणी लग्नाच्या वेळी शेणा-मातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहीत, चौकात पालघाट देवी बसवत, आणि तो चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नसे. जिव्या सोमा म्हशे यांनी ती कागदावर आणली, ते जगभर गेले, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. यातल्या कोणत्याही गोष्टीशी वाईच्या गंगापुरी आळीतल्या आमच्या घराचा काडीचाही संबंध नव्हता. आमच्या घरात कुणी वारली माणसाला घराच्या उंबऱ्याच्या आत बोलावले असते की नाही, याचीही मला खात्री नाही. परदेशात आल्यावर मात्र आम्ही ती चित्रे आपली म्हणून भिंतीला लावली, कारण ती ओळखू येतात आणि विमानात न मोडता येतात.

“आजी काय काढायची?” तिने विचारले.

आजी चैत्रांगण काढायची. मी ते विसरून गेले होते असे नाही, पण ते ‘चित्र’ आहे असे मला कधी वाटले नव्हते. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसली की अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर रोज सकाळी अंगण सारवून, गेरू लावून आई रांगोळीने गौरीचा सगळा संसार जमिनीवर मांडायची : मध्ये पाळण्यातली गौर, वर आंब्याची डहाळी, दोहो बाजूंना सूर्य आणि चंद्र, मग शंख, चक्र, गदा, पद्म, कासव, नाग, अंबारीचा हत्ती, गाय-वासरू, तुळशीवृंदावन, फणी, करंडा, आरसा, गोपद्मे, लक्ष्मीची पावले. दुपारी हळदीकुंकवाला बायका आल्या की आंब्याची डाळ आणि पन्हे. संध्याकाळपर्यंत चैत्रांगण पायांनी पुसले जायचे आणि त्याचे कुणाला काही वाटत नसे.

जानेवारीच्या एका रविवारी लेकीने फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि आजीला चैत्रांगण काढून दाखवायला सांगितले. आई म्हणाली, “चैत्राआधी काढायचं नसतं, बाळा.” दोघींची तडजोड झाली ती अशी की अख्खे काढायचे नाही, एकेक चिन्ह सुटे पाटीवर काढायचे, म्हणजे ते चैत्रांगण होत नाही. त्यानंतर जवळजवळ दहा रविवार हे चालले. आईचा उजवा हात अलीकडे थरथरतो, त्यामुळे कासवाची पाठ चिरफळल्यासारखी यायची, आणि लेक ती थरथरही तशीच उतरवून घ्यायची. मी एकदा म्हटले, अगं, आजीला सरळ काढायचं होतं. ती म्हणाली, पण तिने काढलंय ते असं आहे. गोपद्माच्या खुराची फट वर की खाली यावरून साताऱ्याच्या मावशीशी आईचा वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. लेकीने दोन्ही प्रकार काढून ठेवले.

कामाला लागल्यावर अडचणी सुरू झाल्या. गाडी उभी करायच्या काँक्रीटवर तिने पहिला प्रयत्न केला, तेव्हा करड्यावर पांढरे दिसेना. आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या बागेत काम करणाऱ्या माणसाच्या पालापाचोळा उडवायच्या यंत्राने हत्ती, अंबारी आणि अर्धा चंद्र एका फुंकरीत रस्त्यावर गेला. मग तिने सहा फूट लांब प्लायवूड आणले आणि हार्डवेअरच्या दुकानातला सिमेंटमध्ये मिसळायचा तांबडा रंग त्यावर दोन हात दिला. तो गेरूच्या इतका जवळ आला की मला क्षणभर ओल्या अंगणाचा वास आल्यासारखे वाटले. आधी फेव्हिकॉलच्या बाटलीने रेघा मारून वर रांगोळी भुरभुरली, तेव्हा आजी फोनवर पाहून म्हणाली, “ही रेघ आहे की जिलबी?” शेवटी तिला चिमटीच शिकावी लागली. अंगठा आणि तर्जनी यांच्यात पूड धरून, मधल्या बोटाने वेग सांभाळत, हात जमिनीपासून बोटभर उंच ठेवून न थांबता ओढायची. थांबले की तिथे गाठ पडते. तिच्या पहिल्या महिन्याच्या रेघा गाठींनी भरलेल्या आहेत. पंधरा प्रतिमांपैकी एक नुसत्या त्या गाठींचीच आहे, आणि माझ्या मते ती सगळ्यांत चांगली आहे. तयार झालेल्या रेघांवर वर्गात कोळशाच्या चित्रांवर मारतात तो फवारा मारून तिने ती पूड बसवली.

आणि मग स्वस्तिकाची पाळी आली. चैत्रांगणात ते असतेच. गौरीच्या पाळण्याच्या खाली, डाव्या हाताला, आई ते नेहमी काढत आली. शिक्षिकेने समजुतीने सांगितले की चित्र प्रदर्शनात जाणार आहे, शेजारी माहितीचा कागद लावता येईल, निर्णय तुझा. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २०२२ साली नाझींचे चिन्ह आणि हिंदू, बौद्ध, जैनांचे स्वस्तिक वेगळे आहेत हे कायद्यातच नोंदवले आहे, तेव्हा काढायला हरकत नाही असे मी ठामपणे सांगितले. खरे म्हणजे मला तेव्हा कायद्याचा आधार नको होता. आपले चिन्ह आपण का लपवावे, हा ताठा होता. लेकीने फोनवरचा फोटो तिच्या जवळच्या मैत्रिणीला दाखवला. ती मैत्रीण ज्यू आहे. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली की मला हे दुसरे आहे हे समजते, पण समजायच्या आधी पोटात गोळा येतो.

त्या आठवड्यात लेक न्यू जर्सीत राहणाऱ्या सिओना बेंजामिन या चित्रकर्तीची चित्रे पाहत बसली होती. त्या मूळच्या मुंबईच्या, बेने इस्राएल समाजातल्या, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी, आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. त्यांच्या चित्रांतल्या बायका बहुधा निळ्या असतात. लघुचित्रशैलीची बारीक कलाकुसर आणि तोराह या ज्यू धर्मग्रंथातल्या कथा त्यांच्यात एकत्र येतात. मराठी आणि ज्यू या दोन गोष्टी समोरासमोर उभ्या करून त्यांत रेघ ओढायची मला जी घाई झाली होती, ती कोकणात शतकानुशतके तेल गाळणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या ‘शनवार तेल्यां’नी कधीच निरर्थक ठरवली होती. मैत्रिणीला तिने ती चित्रे दाखवली की नाही हे मी विचारले नाही.

चित्र पुरे झाले तेव्हा पाळण्याच्या खाली, डाव्या हाताला, तळहाताएवढा चौकोन रिकामा होता. विसरून राहिलेला नव्हे : चार बाजूंना चार ठिपके देऊन, आजूबाजूच्या गोपद्मांना थोडे सरकवून, जागा धरून ठेवलेला. माहितीच्या कागदावर तिने इतकेच लिहिले की इथे आजी एक चिन्ह काढते. मला ते पटले नाही. रात्री नवऱ्याजवळ मी बडबडले की ही माघार आहे. तो म्हणाला, तू अंगण कधी शेवटचं सारवलंस? यावर माझ्याकडे बोलण्यासारखे काही नव्हते.

प्रदर्शनात तिचे चित्र मी दाराजवळच्या रुंद भिंतीवर लावले, आणि ते मी आई म्हणून केले हे कबूल करते. त्याच्या शेजारी एका व्हिएतनामी मुलीचे काम होते : दहा खोट्या नखांवर तिने आपल्या आईच्या नखांच्या दुकानातल्या खुर्च्या, नळ, दिवे आणि टेबलाखालचे स्वतःचे गृहपाठाचे दप्तर रंगवले होते. प्रत्येक नख बोटाच्या पेराएवढे, म्हणून लोकांना भिंतीशी नाक लावावे लागे. पलीकडे एका मुलाने गावाचा नकाशा काढला होता. आमच्या उपसागरातल्या एंजल आयलंड या बेटावर १९१० ते १९४० या काळात चिनी लोकांना उतरवून त्यांची उलटतपासणी होई : तुमच्या घराला पायऱ्या किती, विहीर कुठल्या दिशेला, तांदळाची कणगी कुठे ठेवता. १८८२ च्या बंदीतून वाट काढायला अनेक जण दुसऱ्याचा मुलगा असल्याचे कागद घेऊन आलेले असत आणि ही सारी उत्तरे पाठ करून येत. त्या मुलाने आपल्या पणजोबांच्या जुन्या जबाबातल्या उत्तरांवरून ते गाव काढले होते. पायऱ्या, विहीर, वडाच्या जातीचे झाड, सगळे मापात. पणजोबा त्या गावात कधी राहिलेच नव्हते, आणि घराण्याचे आजचे आडनावही त्या खोट्या कागदांतूनच आलेले आहे. वारशाचे याहून खरे चित्र मी पाहिलेले नाही. त्याच्या खाली एका अफगाण मुलीने नुसती एक रिकामी चौकट लावली होती आणि शीर्षक दिले होते ‘इतर’. मला वाटते तिला चित्र काढायला वेळ मिळाला नसावा, पण शीर्षक पाहून आम्ही ती ठेवली.

दुभागलेले अकरा चेहरेही मी लावले, एका ओळीत, डोळ्यांची पातळी जुळवून. तसे लावल्यावर त्यांच्यात फरक दिसू लागले. एका मुलाने मधली रेघ मारताना पट्टी घसरली ती तशीच ठेवली होती, आणि त्याचे नाक दोन्ही बाजूंना थोडे थोडे गेले होते.

उद्घाटनाच्या रात्री लेकीने चित्राचा फोटो वाईला पाठवला. आईने तो मोठा करून पाहिला असावा, कारण पंधरा मिनिटांनी फोन आला. पाळण्याखाली मोकळे का, असे तिने विचारले आणि लेकीने सांगितले, अर्धे मराठीत, अर्धे इंग्रजीत. आईने मध्ये एकदाही अडवले नाही. ‘बरं’ एवढे म्हणून तिने फोन ठेवला. मला वाटले, ती नाराज झाली.

अक्षय्य तृतीया आठवड्यावर आली होती. दुसऱ्या दिवशी आमच्या रात्री, म्हणजे तिकडच्या सकाळी, लेकीच्या फोनवर वाईच्या अंगणाचा फोटो आला. फरशीवर, कारण आता तिथे माती राहिलेली नाही, थरथरत्या रेघांचे चैत्रांगण होते. पाळण्याखाली डाव्या हाताला एक स्वस्तिक होते, आणि त्याला लागून, गोपद्मांना सरकवून, दुसरे. खाली आवाजाचा निरोप होता : “तुझं राहिलेलं मी इथं काढलंय. पावसाआधी जाईल पुसून.”